राखणीची म्हातारी

सात वर्षं मी लोकांच्या दारा-खिडक्यांना चोर पकडायची मशीन लावली. सात वर्षांत एकही चोर सापडला नाही. जे सापडले ते सांगते. तीन म्हशी. एक जावई, सासरी न सांगता आला होता आणि मागच्या दारानं शिरत होता, कशाला ते त्याचं तो जाणे. माकडं तर किती, त्याचा हिशोब नाही. एक कोहळ्याचा वेल, वाऱ्यानं खिडकीवर डोकं आपटत होता. आणि एकदा अख्खी गल्ली.

त्या गल्लीचीच गोष्ट लिहायला बसले आहे. दिवाळी अंकाच्या माणसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, शुद्धलेखन तुम्ही बघा, माझी शाळा चौथीत सुटली. खोटं मात्र मी लिहिणार नाही.

आधी मशीन काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काडेपेटीएवढी पांढरी डबी. तिला वायर नाही. पोटात घड्याळात असतो तसा चपटा सेल, पाठीला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी. दाराच्या फळीवर, खिडकीच्या चौकटीवर चिकटवायची. कोणी दाराला खांदा दिला, पहार घातली, काचेवर दगड मारला, की डबीला थरथर कळते. ती घरातल्या मोठ्या डब्याला बिनतारी निरोप देते. मोठा डबा मिनिटभर भोंगा वाजवतो, मालकाच्या मोबाईलवरही ओरडतो, आणि मग गप्प होऊन पुढच्या धक्क्याची वाट पाहतो. दार उघडल्यावर ओरडणारी मशीन वेगळी. ही उघडायच्या आधीच ओरडते.

डबीच्या पाठीत एक बारीक खाच असते. पेचकसानं फिरवली की तिचा नाजूकपणा कमी-जास्त होतो. सगळी कला त्या खाचेत आहे. जास्त फिरवली तर अंगणात कोंबडी उडाली तरी बोंब. कमी फिरवली तर चोर दार उखडून खांद्यावर घेऊन गेला तरी ही गप्प. किती फिरवायची ते डब्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते दारावर लिहिलेलं असतं.

दारावरचं मला वाचता येतं. माझा नवरा सुतार होता. तीस वर्षं मी त्याच्या समोर फळी धरून उभी राहिले. कोणतं दार खरंच सैल आहे आणि कोणतं नुसतं कुरकुरतं, हे मला हात लावला की कळतं. माणसांचंही बऱ्यापैकी तसंच असतं, पण माणसांना पेचकस लावता येत नाही.

तो गेल्यावर मी तुमसरच्या एका दुकानात झाडलोटीला आणि चहाला लागले. गजाननभाऊचं दुकान. कॅमेरे, भोंगे, असलं सामान. त्याचे दोन मिस्त्री होते, चांगले हुशार. पण हुशारीचा उपयोग काय? दुपारी घरी बायामाणसं. मिस्त्री दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, झोपायच्या खोलीची खिडकी पाहाची हाय." आतून उत्तर यायचं, "घरी माणूस नाही, संध्याकाळी या." संध्याकाळी माणूस घरी यायचा तेव्हा मिस्त्री आपल्या घरी. अशी आठ घरं अडकली. शेवटी गजाननभाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकू, तुमी नुसत्या संग जा. दारात तुमी दिसल्या का बाया दार उघडतीन."

दार उघडलं. पण मिस्त्रीनं डबी बिजागरीच्या बाजूला चिकटवली. मी म्हटलं, "बावा, तिकडून कोन चोर येते? धक्का कडीकडे बसते." त्यानं मला लावून दाखवायला सांगितलं. मी लावली. महिन्याभरात मी एकटी जायला लागले, हातात पिशवी, पिशवीत पेचकस, पॉलिश पेपर आणि लाटणं. लाटणं चाचणीला. बोटाच्या सांध्यानं ठोकलं तर डबीनं गप्प राहायचं, तो पाहुणा. लाटण्यानं हाणलं तर ओरडायचं, तो चोर. कागदावर चाचणीचं वेगळं लिहिलेलं असतं. माझं लाटणं कधी चुकलं नाही.

म्हणजे एकदाच चुकलं.

प्रत्येक गावाची थरथर वेगळी असते, हे मला कामातून कळलं. तुमसरला राईस मिलच्या भिंतीला लागून एक घर होतं. मिल सुरू झाली की त्या घरातली ताटंसुद्धा मांडणीवर फुगडी घालायची. पहिल्या दिवशी भोंगा सकाळी सुरू झाला तो मिलच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत. घरातली बाई म्हणाली, "काकू, हे भोंगं मिलवाल्याले द्या, त्याले कामगार बोलवाले कामी पडन." चिखल्याला खाणीत सुरुंग उडाला की खिडक्यांच्या काचा एकदम शहारतात. तिथल्या बायांनी मला डबी मऊ करूच दिली नाही. "राहू द्या," म्हणाल्या, "भोंगा वाजला का आमाले समजते, आता माणसं वर येतीन, कणीक मळाले घ्या." चोरासाठी लावलेली मशीन पोळ्यांच्या कामाला लागली. मला काय, मी चहा पिऊन आले.

आता आंधळगावची गोष्ट.

एका दुपारी दुकानात एक म्हातारी आली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, ताठ, लुगडं नेटकं, एस.टी.तून उतरून उन्हात चालत आलेली. आल्या आल्या गजाननभाऊला विचारलं, "राखणीची मशीन भेटते म्हन्ते तुमच्याकडे?"

"भेटते ना आजी. कोनाच्या घरी लावाची हाय?"

"माह्या."

"घरचं माणूस कोनी आलं नाही संग?"

"मंग मी काय म्हैस हाव का?"

मी तिला खुर्ची दिली आणि चहा ठेवला. तिचं नाव सगुणाबाई. चहा बशीत ओतून ती जे बोलली ते आमच्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे भरलं घर नुसत्या कुलपावर सोडून जात नाहीत. कोठीत धान असतं, गोठ्यात जनावर असतं, पेटीत सोन्याचे दोन डाग असतात. घरचं लग्न परगावी असलं की सगळे गाडीत बसतात आणि एक माणूस मागे राहतो. राखणीला. तो माणूस कोण, हे कोणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं.

"सासू होती तवा सासू म्हने, नवी सून घरी बसन," सगुणाबाई म्हणाली. "मी बसली. दोन देरांच्या वराती गेल्या, नणंदेचं लगन झालं. मंग माह्ये पोट्टे लगनाचे झाले. तवा सासू म्हातारी, तिले एकटी कशी सोडाची, तर मी बसली. आता सून म्हन्ते, आत्याबाई, तुमच्यानं गर्दी सहन होत नाही, तुमी आराम करा. जवान होती तवा जवान म्हनून बसवलं, म्हातारी झाली तर म्हातारी म्हनून बसवून राहिले. मधात एखांदं वर्स असन ना वं, जाऊ देण्याजोगं?"

"आता कोनाचं लगन हाय?" मी विचारलं.

"रोशनीचं. नातीचं. मीच वाढवली तिले, माय तिची शाळेत मास्तरीन हाय. तुमसरले लॉनमधी लगन हाय, पुढच्या आयतवारी." तिनं बशी खाली ठेवली. "मले तिच्यावर अक्षता टाकाच्या हायेत. मशीन बसवा आन मले सोडवा."

मला गहिवर वगैरे आला नाही. मला राग आला. मी दहा वर्षांची होते तेव्हा माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात मला आजीबरोबर राखणीला ठेवलं होतं. वरात परत आली तेव्हा सगळ्यांचे ओठ पान खाऊन लाल होते. मला लग्नापेक्षा ते पान हुकल्याचं अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन मी आंधळगावला. सगुणाबाईचा मुलगा भाऊराव अंगणात उभा होता. माणूस वाईट नाही, पण काळजीनं पोखरलेला. मुलीचं लग्न, त्यात हे.

"काकू, मशीन लावा, मी नाही म्हनत नाही," तो म्हणाला. "पन माह्यी एक शर्त हाय. तीन दिवस पाहातो. येकदाबी फुकट बोंबलली, तर माय घरी."

"आन नाही बोंबलली तर?"

"तर मायले पहिल्या गाडीत बसवतो."

सगुणाबाई दारातून म्हणाली, "पुढच्या शीटवर."

झालं. कामाला लागले. समोरचं दार सागाचं, जुनं, दरवर्षी जवसाचं तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेलं. अशा दारावर पट्टी चिकटत नाही, डबी सुरकन खाली येते. मी गरम पाण्यानं आणि साबणानं पुसलं, पॉलिश पेपर मारला, सुकू दिलं, पुन्हा मारला. मागचं दार सांदवाडीत, म्हणजे परसात उघडणारं, तिथं लावलेली वांगी आणि बांधलेली म्हैस. खिडक्या चार. भिंती मातीच्या, हातभर रुंद. माती बिनतारी निरोप गिळून टाकते, म्हणून मोठा डबा घराच्या मधोमध हवा. मधोमध देवघर. मी विचारलं, "देवापाशी ठेवला तर चालन का?"

सगुणाबाईनं डबा हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, बाळकृष्णाच्या बाजूला ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. मग पेचकस मागून घेतला आणि त्यालाही लावलं. लाटण्याला लावायला निघाली तेव्हा मी म्हटलं, "पुरे, ते घरी पोळ्याले लागते."

पहिल्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. मी तिथंच होते. म्हशीनं पाठ खाजवायला सांदवाडीचं दार निवडलं होतं. भाऊराव शेतातून पळत आला. "बोंबलली!"

"फुकट नाही बोंबलली," सगुणाबाई म्हणाली. "म्हैस आली, तिनं सांगतलं म्हैस आली. खोटं बोलली का?"

"माय, म्हैस आपलीच हाय."

"तिले काय माहीत कोनाची? तिले सातबारा दाखवला का तू?"

भाऊराव माझ्याकडे पाहायला लागला. मी खाच पाव फेरा मागे घेतली आणि म्हशीचा दोर दोन हात आखूड केला. हा दिवस धरायचा नाही असं ठरलं. पुढचे तीन दिवस मी रोज एस.टी.नं गेले. दिवसातून चार वेळा सगळी दारं-खिडक्या ठोकल्या. बोटानं ठोकलं, गप्प. लाटण्यानं हाणलं, बोंब. सून कुंदा शाळेतून आली, दार लोटलं, गप्प. मांडववाले आले, गप्प. पाहुणे आले, त्यांची लेकरं दारावर झोके घेत होती, तरी गप्प. इतकी गुणी डबी मी पुन्हा पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊरावनं मान हलवली. सगुणाबाईनं पेटीतून मोरपंखी लुगडं काढलं. घडीवर उभी-आडवी रेघ पडली होती, किती वर्षं घातलं नव्हतं कोणास ठाऊक. मला म्हणाली, "शेवंता, तू बी ये लगनाले. तुले आयेर करतो."

आता माझी चूक सांगते. तीन दिवस मी चाचणी घेतली ती भरल्या घरात. घर रिकामं करून, बाहेरून कुलूप लावून मी एकदाही पाहिलं नाही. कारण त्या दाराला बाहेरून कुलूप लागतच नव्हतं. घरात कायम कोणीतरी असायचं. म्हणजे तीच असायची.

लग्नाचा दिवस. मीही ठेवणीतली साडी नेसून लॉनवर गेले. सकाळी अकराचा मुहूर्त, म्हणजे साडेबाराला लागणार हे सगळ्यांना माहीत. सगुणाबाई पहिल्या रांगेत, सोफ्यावर, पाय जमिनीला टेकत नव्हते. मुठीत अक्षता. मी म्हटलं, "आतापासून कायले धरून बसली?"

"मंग देतीन नाही देतीन. लगनाचा मले अनुभव नाही."

नवरदेव आला, डीजे दमून बंद झाला, भटजींनी माईक ठोकून पाहिला. तेवढ्यात भाऊरावच्या खिशात बोंब उठली. माझ्या पिशवीतही. नवीन घराचा निरोप आठ दिवस माझ्या मोबाईलवरही येतो. पाहिलं तर लिहिलेलं, समोरचं दार, धक्का.

भाऊरावचा चेहरा पांढरा. मिनिटभरानं गप्प झालं. त्यानं श्वास सोडला. पुन्हा बोंब. समोरचं दार. पुन्हा गप्प, पुन्हा बोंब. असा चोर मी ऐकला नव्हता, जो ठोकतो, थांबतो, विचार करतो आणि पुन्हा ठोकतो.

भाऊरावनं शेजाऱ्याला फोन लावला. कोणी उचलेना. मग तो आईसमोर येऊन उभा राहिला. "माय," म्हणाला, आणि मोबाईल तिच्यापुढे धरला. बोलायची गरजच नव्हती. इतक्या वर्षांची सवय. सगुणाबाईनं मुठीकडे पाहिलं आणि सोफ्यावरून उतरायला लागली.

"बस खाली!" मी ओरडले. भटजींनीही माझ्याकडे पाहिलं. "मशीन माही हाय. मी जातो. तू जर हललीस ना सगुणाबाई, तर मी मशीन उखडून नेईन."

ती बसली.

बाहेर एकच गाडी मोकळी होती, डीजेची. छोटा टेम्पो, मागे कपाटाएवढे स्पीकर, वर लाल-हिरवे दिवे. चालक नामदेव पन्नाशीचा, मंडपाच्या सावलीत जिलेबी खात होता. मी म्हटलं, "आंधळगावले चोर आला हाय, चाल."

त्यानं जिलेबी तोंडात कोंबली. "पकडाचा हाय का पळवाचा?"

"जे जमन ते."

त्या टेम्पोत मी जशी बसले तशी कधी कशात बसले नाही. खड्डा आला की मागचे स्पीकर एकमेकांवर आदळायचे आणि माझी डोई टपाला. मोबाईल दर दोन मिनिटांनी बोंबलत होता. समोरचं दार, धक्का. समोरचं दार, धक्का. नामदेव म्हणाला, "काकू, हा चोर नाही. हा पोस्टमन हाय." मोहाडीच्या रस्त्याला तो म्हणाला, "आवाज लावू का? चोर ऐकून पळन." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यानं लावला. वरातीचं गाणं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक धानाच्या बांधीतून उभे राहून पाहायला लागले, की टेम्पो आहे, गाणं आहे, दिवे आहेत, मग वरात कुठे आहे? वरात पुढच्या सीटवर, पिशवी छातीशी धरून, एकटी. मला हसू आवरेना. अडुसष्ट वर्षांची बाई, चोर पकडायला निघाले होते आणि पोट दुखेपर्यंत हसत होते.

गल्लीत वळलो आणि नामदेवनं गाणं बंद केलं. भाऊरावच्या दारासमोर तीस-चाळीस माणसं. म्हातारे, बाया, एक जण आंघोळीतून तसाच उठून आलेला, डोक्याला साबण. मी उतरले तेव्हा शेजारचे हरीभाऊ पुढे झाले, त्यांनी कुलूप मुठीत धरलं आणि खाली दणकन ओढलं. एकदा. दोनदा. तीनदा.

आत भोंगा वाजला.

"सोडा ते कुलूप!" मी ओरडले.

हरीभाऊंनी हात मागे घेतला. भोंगा गप्प होईपर्यंत सगळे तसेच उभे. मग ते शांतपणे म्हणाले, "पक्कं हाय. काही टूटलं नाही."

"कोनी सांगतलं तुमाले ओढाले?"

"भाऊरावनं. जाता जाता सांगून गेला, काका, घराकडे लक्ष ठेवजा."

"मले बी सांगतलं," पलीकडची बाई म्हणाली.

"मले बी. हात जोडून सांगतलं बाप्पा."

साबणवाला म्हणाला, "मले तं दोनदा सांगतलं."

मला उलगडत गेलं. भाऊरावनं मशीनही लावली आणि गल्लीलाही सांगितलं. एकावर भरवसा नसला की माणूस दोघांना सांगतो. आणि आमच्याकडे लक्ष ठेवायचं म्हणजे काय? जाता-येता कुलूप ओढून पाहायचं. नुसतं हात लावून नाही, तीनदा हिसडा देऊन. पहिला माणूस रस्त्यानं जाताना थांबला, त्यानं इमानानं हिसडा दिला. हिसडा लाटण्याहून मोठा. भोंगा वाजला. भोंगा ऐकून दोन शेजारी धावले. कुलूप तुटलं का पाहायला त्यांनी हिसडा दिला. पुन्हा भोंगा, पुन्हा चार धावले. चोर म्हणून कोणी नव्हताच. गल्लीचा चांगुलपणाच दाराला लोंबकळत होता.

"कोनी आता कुलूप ओढू नका, मंग बी ओढू नका," मी म्हटलं. "कुलूप लागलं का नाही ते डोळ्यानं पाहा."

हरीभाऊ दुखावले. "कुलूप डोळ्यानं दिसते का लागलेलं? लटकवलेलं बी तसंच दिसते. मले सांगा, तुमी घरून निंघता तवा ओढत नाही?"

 त्या दिवशी सकाळी मी माझ्या खोलीचं कुलूप ओढलं होतं, तीनदा, आणि गल्लीच्या टोकावरून परत जाऊन चौथ्यांदा.

भाऊरावला फोन लावला. "चोर नाही. तुहा शेजार हाय. मोबाईलवरून मशीन बंद कर आन लगन लाव."

"बंद कशी करू काकू? मंग घर कोनाच्या भरवशावर?"

"गल्लीच्या!"

"गल्ली तं कुलूप ओढून राहिली ना. मायले पाठवून देतो, नामदेवची गाडी परत आली का. ती दारात बसली का कोनी ओढत नाही. मले चैन पडन."

मी त्या बंद दाराकडे पाहिलं. त्याच्यासमोर ओटा होता. ओट्याची एक जागा मधोमध झिजून खोलगट झाली होती, एका माणसाच्या बसण्याएवढी. कोणाची जागा ते विचारायला नको होतं.

"मी बसतो," मी म्हटलं.

"तुमी?"

"म्हातारीच पाह्यजे ना? मी काय कॉलेजात हाव? तुह्या मायले हलवू नोको."

आणि मी बसले. ठेवणीतल्या साडीत. नामदेव टेम्पो घेऊन लॉनवर परतला. मशीन लावली होती ती एका म्हातारीची राखण सुटावी म्हणून. आता मशीनची राखण करायला दुसरी म्हातारी. वर त्रास असा की पाठ टेकायची सोय नाही. दाराला जरा रेलले की आत बोंब, आणि भोंगा वाजला की साबणवाला धावत यायचा. त्याची आंघोळ काही त्या दिवशी पुरी झाली नाही.

भाऊरावनं गडबडीत फोन बंद न करताच खिशात टाकला होता. मी कानाला लावून बसले. खिशातून लग्न ऐकलं. खरखर, कोणाच्या तरी बांगड्या, मंगलाष्टकं अशी की जणू कोणी उशीत तोंड घालून म्हणतं आहे. मग सावधान. टाळ्या. मग भाऊरावचा आवाज, अगदी स्पष्ट.

"माय, हळू. अवो माय, नवरदेवाच्या डोळ्यात नोको मारू!"

मी फोन बंद केला आणि गल्लीला सांगितलं, लागलं लगन. हरीभाऊंनी आनंदानं कुलपाकडे हात नेला, मी लाटण्यानं त्यांच्या बोटांवर हलकेच मारलं. त्यांच्या बायकोनं मला भात आणि वांग्याची भाजी आणून दिली. जिलेबी नामदेवनं खाल्ली होती ती खाल्ली होती. पान याही वेळी हुकलं.

तेव्हापासून मी काम बदललं. डबी लावली की घर रिकामं करायला लावते, बाहेरून कुलूप, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून तीन-तीन हिसडे द्यायला सांगते. सगळ्यांचे हात होईपर्यंत खाच फिरवत राहते. लोक हौसेनं येतात. एका गावी तर रांग लागली होती. मशीन बनवणाऱ्यांना शेजारी ठाऊक नसावेत. असते तर त्यांनी त्या खाचेवर एक खूण शेजाऱ्यांसाठी ठेवली असती.

तर त्या दिवशी ऊन उतरल्यावर गाड्या आल्या. पहिल्या गाडीत, पुढच्या सीटवर, सगुणाबाई. लुगड्याला हळदीचे डाग, केसात तांदूळ, ओठ लालभडक. उतरली, कोणाचा हात घेतला नाही. भाऊराव किल्ली शोधत होता. ती ओटा चढून आली, मला जरा बाजूला सरकवलं, कुलूप धरलं आणि ओढलं. तीनदा.

भोंगा वाजला. गल्लीतली सगळी दारं उघडली. साबणवाला आला. नामदेव मागून टेम्पो घेऊन आला होता, त्यानं दिवे लावले. मी हसून हसून ओट्यावर लोळायचीच बाकी होते.

सगुणाबाई मात्र हसली नाही. भोंगा थांबेपर्यंत तिनं कमरेला हात लावून ऐकलं. मग माझ्याजवळ बसली आणि पदराच्या गाठीतून एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं. जरा चेंगरलं होतं.

"मशीन बरी हाय," ती म्हणाली. "पन तिच्याहून तू बेस हायस. रोशनीच्या भावाचं चैतात लगन करतो म्हन्तेत, भंडाऱ्याले. तू मोकळी राहाशीन ना बसाले?"

पान तोंडात होतं म्हणून लगेच बोलता आलं नाही. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "राहीन. पन पाठ टेकाले मले खुर्ची पाह्यजे. आन जेवन गरम पाठवजा."